बाळंतिणीच्या खोलीचा कूलर

पहिलं बाळंतपण माहेरी. आमच्याकडे हे कुणी कुणाला सांगत नाही, कारण ती सांगायची गोष्टच नाही. त्यामुळे होळी आटोपल्यावर एका दुपारी पुण्याहून लेकीचा फोन आला आणि तिने "आई, मे महिना आहे ना गं" अशी सुरुवात केली, तेव्हा मला वाटलं ती आंब्यांबद्दल बोलते आहे.

ती आंब्यांबद्दल बोलत नव्हती.

"मे महिन्यात भिलाईले? त्या मागच्या खोलीत? आई, मैं तो पिघल जाऊँगी. वरून आजी म्हणेल, कानाले फडकं बांध, खाटेखाली शेगडी ठेव. मे महिन्यात शेगडी! इथं सासूबाई म्हणून राहिल्या का इथंच कर, एसी आहे, दवाखाना जवळ आहे. मी अजून त्याईले हो नाई म्हटलं. पण तू सांग, त्या खोलीत कसं होईल?"

"होईल. सगळं होईल. तू ये फक्त," मी म्हटलं आणि फोन ठेवून तशीच बसून राहिले.

खोटं बोलली असती तर रागावले तरी असते. पण तिचं म्हणणं अक्षर न् अक्षर खरं होतं. भिलाईच्या कोहका भागातलं आमचं घर तसं बरं आहे, पण मागची खोली पश्चिमेला. दुपारी एकदा ऊन भिंतीवर आलं की दिवेलागणीपर्यंत हलत नाही. सूर्य मावळल्यावरही त्या भिंतीला हात लावला तर तव्याला लावल्यासारखं होतं. पोरीने बारावीचा अभ्यास त्याच खोलीत, पाण्याच्या बादलीत पाय सोडून केला होता. घरात कूलर एकच, आणि तो हॉलमध्ये. कारण तिचे बाबा रात्रपाळी करून आले की तिथे झोपायचे. स्टील प्लांटवाल्यांच्या घरात कूलर कुणाचा, तर नाईट ड्यूटीवरून आलेल्याचा. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे, तिलाही नाही. पण नववा महिना लागलेलं पोट घेऊन त्या भट्टीत झोपणं ही गोष्ट वेगळी.

मला ती हवी होती. आडवळणाने कशाला सांगू? लग्नानंतर ती यायची ती चार दिवसांसाठी, बॅगेतले कपडे बॅगेतच ठेवून. तिने गोड बातमी दिली त्या दिवसापासून मी मनातल्या मनात उन्हाळा वाटून ठेवला होता: आधी तिचे लाड, मग बाळाची अंघोळ, मग डिंकाचे लाडू. आता तो सगळा उन्हाळा पुण्याच्या विहीणबाईंच्या पदरात पडणार असं दिसू लागलं. विहीणबाई फार चांगल्या आहेत. तेच तर वाईट होतं.

एसीचा विचार आम्ही केला नाही असं नाही. पण घराची वायरिंग जुनी, आणि मे महिन्यात भर दुपारी लाइट जाते तेव्हा इन्व्हर्टरवर एसी चालत नाही, कूलर चालतो. तेव्हा कूलरच. आणि तोही चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आत, कारण एप्रिलच्या मध्यानंतर डॉक्टर तिला रेल्वेत बसू देणार नव्हते.

मी ही अडचण नवऱ्यासमोर मांडली आणि तिथेच माझ्या हातून सूत्रं गेली.

आमचे हे पोलादाचे पत्रे लाटणाऱ्या प्लेट मिलमधून रिटायर झाले. माणूस मिलमधून निघाला, मिल काही माणसातून निघाली नाही. जगातली कोणतीही वस्तू ते आधी बोटाच्या पेराने वाजवून बघतात. कढई, कपाट, जावयाने आणलेली गाडी. आवाज जड आला तर वस्तू चांगली. हलका आला तर "डबडं आहे."

सिविक सेंटरच्या दुकानात आम्ही गेलो तेव्हा तिथे कूलर ओळीने मांडलेले होते. पांढरेशुभ्र, चाकं लावलेले, गोंडस. विकणारा पोरगा हुशार होता. त्याने बरोबर तेच विचारलं जे विचारायला हवं होतं.

"अंकल, कमरा कितना बड़ा है? खिड़की किस तरफ है?"

ह्यांनी उत्तर दिलं नाही. पहिला कूलर वाजवला. दुसरा वाजवला. मग त्यालाच पत्र्याची जाडी विचारली, "चादर कितने गेज की है?"

"अंकल, ये फाइबर बॉडी है. इसमें गेज नहीं होता."

"गेज नहीं होता," हे माझ्याकडे वळून म्हणाले, जणू त्या पोराने आपल्याला आईबाप नसल्याचं सांगितलं होतं. "चल वो. जिथं गेजच नाई तिथं काय घेतं!"

"अवो, पण हवा तर पाहा! हवा घ्यायले आलो ना आपण, का पत्रा घ्यायले?"

"अख्खी भिलाई लोखंडावर जेवते. आन् माही पोरगी प्लास्टिकच्या डब्ब्यासमोर निजंल?"

पोरगी मध्ये आणली की माझं तोंड बंद होतं हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

दुसऱ्याच दिवशी ते खुर्सीपारला गेले. तिथे त्यांच्या ओळखीचा एक वेल्डर आहे. एरवी तो गेट बनवतो, खिडक्यांच्या जाळ्या बनवतो, उन्हाळ्याच्या तोंडावर कूलरच्या बॉड्या बनवतो. त्या बिचाऱ्याने नेहमीचा पातळ पत्रा दाखवला असणार. ह्यांनी गेटाचा पत्रा पसंत केला. माप विचारलं तर हात पसरून दाखवलं असावं, कारण जे घरी आलं ते कूलर म्हणून कुणी ओळखलंच नाही. छोट्या टेम्पोतून ते उतरवायला शेजारचे दोन, गाडीवाला आणि हे स्वतः असे सगळे लागले. फाटकातून आत येताना फाटकाचीच एक बिजागरी वाकली. कूलरला ओरखडा नाही.

"पाह्यलं?" हे घाम पुसत म्हणाले. "गेज."

सासूबाई ओसरीत बसून बघत होत्या. त्या ऐंशीच्या पुढे. सासरे रेल्वेत होते, दुर्ग लाइनवरच्या छोट्या छोट्या स्टेशनांवर त्यांची नोकरी गेली, आणि सासूबाईंची सगळी बाळंतपणं रेल्वेच्या क्वार्टरांत झाली. बाळंतिणीबद्दल आमच्या घरात शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी त्या धुडाकडे पुष्कळ वेळ पाहिलं आणि विचारलं, "हे कूलर हाय का मालडब्बा?"

कूलर मागच्या खोलीच्या खिडकीबाहेर, लोखंडी स्टँडवर चढवला. वाळ्याच्या नव्या ताट्या लावल्या, टाकी भरली, पंप सुरू झाला. वाळ्याचा वास सुटला तेव्हा क्षणभर मलाही वाटलं, होईल बाई, सगळं होईल. मग ह्यांनी पंखा सुरू केला.

भिंतीवरचं कॅलेंडर पहिलं गेलं. मग चादर. मग माझा पदर. पडदा आडवा झाला तो खाली यायलाच तयार नाही. आवाज असा की मी "बंद करा" म्हणून ओरडले तर हे हसून मान हलवत होते. त्यांना वाटलं मी कौतुक करते आहे. खाट खिडकीपासून हातभर अंतरावर. तिथे माणूस निजला असता तर सकाळी कान शोधावे लागले असते. आणि वर गंमत अशी की दुपार कलली तसं पश्चिमेचं ऊन थेट त्या जाड पत्र्यावर आलं, पत्रा तापला, आतलं पाणी तापलं, आणि चहा उकळता येईल अशी हवा येऊ लागली.

सासूबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी ह्यांना नाही, मला सांगितलं.

"सूनबाई, एक आयकून घे. बाळंतिणीले वारा लागला का जन्मभर कंबर धरते. ह्या वाऱ्यात मी नातीले निजू देणार नाई. त्यापेक्षा तिले पुण्यातच राहू दे."

त्या वाईटपणाने बोलल्या नाहीत. त्यांना खरंच तसं वाटत होतं. पण "पुण्यातच राहू दे" हे घरात पहिल्यांदा कुणीतरी मोठ्याने म्हटलं होतं. मी स्वयंपाकघरात गेले आणि कारण नसताना भांडी घासली. लेकीला गारवा हवा, सासूबाईंना वारा नको, नवऱ्याला लोखंड हवं. ह्या तिघांना एका खोलीत बसवायचं कसं? राग मला सगळ्यांचाच आला, पण सगळ्यात जास्त त्या पांढऱ्याशुभ्र कूलरवाल्या पोराचा, कारण त्याने बरोबर प्रश्न विचारला होता आणि आम्ही उत्तर न देताच निघून आलो होतो.

खोली केवढी? खिडकी कुठल्या बाजूला?

भांडी घासता घासता मी त्या पोराला मनातल्या मनात उत्तर देऊ लागले. आणि मग मला मिरची आठवली.

गेले इतके उन्हाळे हॉलमधला जुना कूलर चालू असताना मी फोडणी देते आहे. मिरचीचा ठसका कुठे जातो हे मला जेवढं माहीत आहे तेवढं घरात कुणाला नाही. मागच्या खोलीची खिडकी उघडी असली तर तिथे बसलेला खोकतो. ती लावून पुढचं दार उघडलं तर ओसरीतला खोकतो. कूलरची हवा म्हणजे घरात आलेला पाहुणा. तिला बाहेर जायला वाट हवी, आणि जिथे वाट ठेवाल तिकडून ती जाते. सगळं लावून घेतलं तर आतल्या आत घुसमटते, अंग चिकट होतं, भिंतीलासुद्धा घाम येतो. मग कूलर खोलीत असायलाच हवा असं कुणी सांगितलं? हॉलच्या पूर्वेच्या खिडकीला दुपारी सावली असते. तिथून हवा सोडायची, हॉलची बाकीची दारं-खिडक्या लावायची, आणि वाट ठेवायची ती एकच, मागच्या खोलीतून. वारा हॉलच्या भिंतीवर आपटून दमेल. पुढे जाईल तो नुसता गारवा.

आणि एवढ्या दोन खोल्या ओलांडून हवा न्यायची तर चाकं लावलेला गोंडस कूलर पुरला नसता. मालडब्बाच हवा होता. हे मात्र मी नवऱ्याला लगेच सांगितलं नाही.

"कूलर हॉलच्या खिडकीले लावा," एवढंच म्हटलं.

"कावून? तिथं जुना आहे ना."

"जुना काढा."

"अवो, पण पोरगी तं मागच्या खोलीत..."

"तुमाले पत्रा कळते ना? मले हवा कळते. काढा."

पुन्हा शेजारचे दोघे आले. येताना ते हसत होते, पण आले. जुना कूलर उतरला, नवा चढला. मी हॉलच्या खिडक्या लावल्या, पुढचं दार लावलं, मधलं दार सताड उघडलं, आणि मागच्या खोलीची खिडकी चार बोटं उघडी ठेवून वर जाड पडदा सोडला. मग उदबत्ती लावून खोलीच्या मधोमध धरली. धूर आधी सरळ वर गेला. मग तो हळूच वाकला आणि खिडकीकडे निघाला, सावकाश, पोट भरलेल्या माणसासारखा.

सासूबाई धुराकडे बघत होत्या. "उदबत्तीले कंबर असते का?" त्यांनी विचारलं. "तिले वारा लागला का नाई, तिले काय समजते?"

"मग कसं समजंल?"

सासूबाईंनी हातातली काठी भिंतीला टेकवली. "सरक. मी निजून पाहतो."

आणि खरंच, आमच्या सासूबाई बाळंतीण झाल्या. साग्रसंगीत. मला कपाटातून लुगड्याचा जुना तुकडा काढायला लावला, तो कानावरून घट्ट बांधून घेतला. कानात कापूस. पायावर चादर. "लेकराले कुठं लागते ते बी पाहा लागंल," म्हणून एक उशी कुशीत घेतली आणि तिच्या टाळूच्या जागी तळहात ठेवला. हे दारात उभे राहून बघत होते. आईला अशी निजलेली पाहून त्यांना हसावं की पाया पडावं ते कळेना.

"माय, वारा लागून राहिला का?"

"गप. लेकरू उठंल."

आम्ही दोघं बाहेर आलो. बाहेर ऊन मी म्हणत होतं, रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. मी थोडा वेळ ओसरीत बसले, मग राहवेना म्हणून आत जाऊन पाहिलं. काही आवाज नाही. सासूबाई दुपारच्या झोपत नाहीत. म्हणजे उन्हाळ्यात त्यांना झोप येतच नाही. त्या अख्खी दुपार ओल्या पंच्याने वारा घेत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सरकत राहतात, आणि हे इतक्या वर्षांत आमच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की त्याला त्रास म्हणतात हेच आम्ही विसरलो होतो.

त्या गाढ झोपल्या होत्या. तोंड थोडं उघडं, एक हात उशीवर. कपाळावर घामाचा टिपूस नाही.

नेमका तेव्हाच माझा फोन थरथरला. लेकीचा व्हिडिओ कॉल. मी आवाज बारीक केला आणि काही न बोलता फोन खाटेकडे वळवला.

"आजीले काय झालं?" ती घाबरली.

"काई नाई. बाळंतीण झाली."

"काय?"

"मुलगी झाली. उशीसारखी आहे." मी फोन उशीवर नेला.

लेक आधी तोंडावर हात दाबून हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग मी तिला मधलं दार दाखवलं, खिडकीची चार बोटं दाखवली, पडदा कसा जेमतेम हलतो ते दाखवलं. तिचं लक्ष नव्हतं.

"आई, आजी दुपारची कधीपासून झोपाले लागली?"

"आत्तापासून."

ती झोपलेल्या आजीकडेच बघत राहिली. मी फोन हातात धरून उभी होते आणि माझा हात दुखू लागला होता.

"तिले उठवू नको," ती म्हणाली. "मी तिकीट पाहते."

सासूबाई संध्याकाळी उठल्या. बांधलेलं फडकं सोडताना त्यांनी निकाल दिला: खिडकी चार बोटं नाही, तीन बोटं. शेगडी खाटेखाली नको, पण अंघोळीनंतर लेकराला शेकायला हवीच, तीही न्हाणीघराजवळ. एवढ्या तडजोडीला मी शेगडीसकट तयार होते. हे मात्र दुसऱ्या दिवसापासून दिसेल त्याला सांगत सुटले, "शेवटी गेजच कामी आला." मी बोलू दिलं. ऐकणारे लोक त्यांच्याच मिलचे होते.

जयंतीच्या मिरवणुकीचा मांडव बांधायला सुरुवात झाली त्या दिवशी ती दुर्गला उतरली. बॅग मोठी होती. घरी आल्या आल्या तिने कपडे काढून कपाटात लावले ते मी दारात उभं राहून बघितलं. मेच्या शेवटी, पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना, नात झाली. कूलर दिवसभर पाणी प्यायचा. नळ यायच्या वेळी हे पाइप धरून टाकीपाशी उभे, आणि आतून सासूबाईंचं चालू, "बोट कमी कर, बोट कमी कर." त्या आता रोज दुपारी आमच्या लेकीच्या खाटेशेजारी सतरंजीवर झोपायच्या. बाळंतिणीवर लक्ष ठेवायला म्हणून. घोरायच्या त्या सगळ्यात जास्त.

मग जूनच्या अखेरीस पाऊस आला आणि कूलर निकामी झाला. दमट हवेत तो काय करणार? ह्यांनी टाकी रिकामी करून, पुसून, त्यावर ताडपत्री बांधली. बाळंतपणाचा सव्वा महिना पुरा होत आला होता. बाळाचं बारसं झालं होतं. लाडवांचा डबा तळाला गेला होता. जावई न्यायला कधी येऊ म्हणून विचारत होते, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. मी मनाला समजावत होते की आली, राहिली, सुखरूप मोकळी झाली, आता आणखी काय हवं? मन ऐकत नव्हतं ती गोष्ट वेगळी.

त्या दिवशी सकाळपासून झड लागली होती. गारठाच म्हणायचा. सासूबाई पांघरूण घेऊन बसल्या होत्या. मी मागच्या खोलीत बाळाचे सुकलेले लंगोट घडी करत होते आणि लेक खाटेवर बाळाला मांडीवर घेऊन नवऱ्याशी फोनवर बोलत होती.

"नाही रे," ती म्हणत होती, "तिकडे झाला असेल सुरू. इकडे कुठला पाऊस? इकडे अजून इतकं ऊन आहे की विचारू नको. एवढ्याशा जिवाला घेऊन या उन्हात रेल्वेत कशी बसू? पंधरा-वीस दिवस थांबते. थोडं गार झालं की ये न्यायला."

बोलता बोलता तिने माझ्याकडे पाहिलं. डोळा मिचकावला नाही की हसली नाही. सरळ बघत राहिली.

मी लंगोट खाली ठेवले, उठले, आणि पावसाचा आवाज फोनमध्ये जाऊ नये म्हणून खिडकी लावून घेतली.